एकाच वेळी चार भाषांचा डिबगर अडकतो तेव्हा: बाइट, अक्षर आणि ‘ऱ’ यांची दुरुस्ती

सी++मध्ये ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबवायचा ती खूण) लागत नाही, पायथॉनमध्ये व्हेरिएबल्सची खिडकी कोरी राहते, गो नुसतं थांबून राहतं आणि जावास्क्रिप्टमध्ये ‘स्टेप ओव्हर’ दाबलं की सत्रच तुटतं. अशा वेळी चार भाषांची चार माणसं आपापल्या डिबगरची, म्हणजे प्रोग्राम थांबवून चूक शोधणाऱ्या साधनाची, आवृत्ती मागे-पुढे करत बसतात. त्यात दिवस जातो आणि हाती लागतात चार तात्पुरत्या पळवाटा. एकाच प्रकल्पात चार भाषा एकदम बिघडल्या, तर दोष भाषेत शोधू नये. चौघींचे निरोप ज्या वाटेने जातात, ती वाट तपासावी.

उदाहरणासाठी वडोदऱ्यातल्या एका छोट्या कार्यालयाची मांडणी घेऊ. एडिटर प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आहे, कोड सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त वातावरणात), आणि मध्ये नोडमध्ये (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये) लिहिलेला घरचा रिले आहे. हा रिले भाषेनुसार एलएलडीबी-डॅप (सी++), डिबगपाय (पायथॉन), डेल्व्ह (गो) किंवा जेएस-डिबग (जावास्क्रिप्ट) सुरू करतो आणि संदेश इकडून तिकडे पोचवतो. प्रकल्पाच्या फोल्डरचं नाव ‘वडोदऱ्याची-बिले’. डेटात रावपुरा, मांडवी, सयाजीगंज अशी शाखांची नावं, काही मराठीत, काही गुजराती लिपीत. इंग्रजी नावाच्या फोल्डरमधला जुना प्रकल्प याच रिलेवर बिनतक्रार चालतो. हा नाही.

कोण बिघडलं यापेक्षा कोण वाचलं ते पाहा

एडिटरपासून प्रोसेसरपर्यंत सहा थर असतात: एडिटर, त्याचा डिबग ॲडॅप्टर प्रोटोकॉल म्हणजे डॅप (संदेशांचे नियम), ॲडॅप्टर (ते संदेश इंजिनला समजावणारा प्रोग्राम), खरं डिबग इंजिन, कंपायलरने लिहिलेली डिबग माहिती आणि ऑपरेटिंग सिस्टीम. कोणत्या भाषा वाचल्या, यावरून बहुतेक वेळा थर कळतो.

सी++, रस्ट आणि गो बंद, पण पायथॉन व नोड ठीक: संशय ऑपरेटिंग सिस्टीमवर. पहिल्या तिघी लिनक्सवर ‘पीट्रेस’ या सिस्टीम कॉलवर (एका प्रोसेसने दुसरीवर ताबा ठेवण्याच्या सोयीवर) चालतात. पायथॉन व नोड साध्या लाँचमध्ये (डिबगरनेच प्रोग्राम सुरू केल्यावर) त्याच्या वाटेला जात नाहीत. ‘/प्रॉक/सिस/कर्नल/यामा/पीट्रेस_स्कोप’ ही फाइल वाचा. ० असेल तर आपल्याच युझरच्या कोणत्याही प्रोसेसला जोडता येतं, १ असेल तर फक्त स्वतः सुरू केलेल्या प्रोसेसला, २ ला प्रशासकाचा अधिकार लागतो, आणि ३ केलं की रीबूटशिवाय मागे येता येत नाही. उबुंटूवर मूळ किंमत १ असते. म्हणून लाँच चालतं, अटॅच (चालत्या प्रोसेसला जोडणं) चालत नाही. कंटेनरमध्ये ‘सिस_पीट्रेस’ ही क्षमता वेगळी द्यावी लागू शकते. एक अपवाद मात्र फसवतो: लिनक्सवर चालत्या पायथॉन प्रोसेसला तिच्या क्रमांकावरून जोडताना डिबगपाय आतून जीडीबी हा दुसरा डिबगर वापरतं, त्यामुळे तिथे पायथॉनही याच यादीत येतं.

जावा ठीक, बाकी सगळ्यांत ब्रेकपॉइंट पोकळ करडे: संशय फाइलच्या पाथवर (पूर्ण पत्त्यावर). जावाच्या क्लास फाइलमध्ये सोर्सचं नुसतं नाव आणि ओळींचा तक्ता असतो, पूर्ण पाथ नसतोच. त्यामुळे फोल्डर हलवला तरी जावाला फरक पडत नाही. सी++ आणि रस्टच्या ‘ड्वार्फ’ या डिबग माहितीत मात्र बिल्डच्या वेळचा पाथ कोरलेला असतो.

सगळ्याच भाषा अडकल्या, पण टर्मिनलवर थेट जीडीबी, पीडीबी, डेल्व्ह आणि ‘नोड इन्स्पेक्ट’ नीट चालतात: इंजिन आणि त्याखालचं सगळं निर्दोष. दोष डॅपच्या थरात किंवा त्याला हात लावणाऱ्या मधल्या माणसात, म्हणजे आपल्या रिलेत. आपलं उदाहरण याच गटातलं. ही टर्मिनलची चाचणी टाळू नका. पाच मिनिटांत ती निम्मे थर बाद करते.

चाचणीचा प्रोग्राम: दोन ओळी आणि दोन फोल्डर

खऱ्या प्रकल्पावर शोध घेऊ नका. प्रत्येक भाषेत दोन ओळींचा प्रोग्राम लिहा: एका व्हेरिएबलमध्ये मजकूर ठेवायचा, दुसऱ्या ओळीवर तो छापायचा, ब्रेकपॉइंट दुसऱ्या ओळीवर. मग चार जोड्या चालवा: इंग्रजी फोल्डर आणि इंग्रजी मजकूर, इंग्रजी फोल्डर आणि ‘रावपुरा’, मराठी फोल्डर आणि इंग्रजी मजकूर, आणि दोन्ही मराठी.

या जोड्यांमुळे दिशा कळते. व्हेरिएबलची किंमत ॲडॅप्टरकडून एडिटरकडे येते. ब्रेकपॉइंटची विनंती एडिटरकडून ॲडॅप्टरकडे जाते आणि तिच्यात पाथ असतो. दुसरी जोडी बिघडली तर परतीची वाट खराब. दुसरी ठीक आणि तिसरी बिघडली तर जाण्याची, पण हे ब्रेकपॉइंट लागण्याआधीच अडकलं तरच म्हणायचं, कारण थांबल्यावर येणाऱ्या स्टॅक ट्रेसमध्येही (कोणत्या फंक्शनमधून इथवर आलो त्या यादीतही) पाथ असतो आणि तो उलट्या दिशेने येतो.

एखादी भाषा या चाचणीत सहीसलामत सुटली तरी निष्कर्ष घाईने काढू नका. पायथॉनचं जेसन (संदेश मजकुरात लिहिण्याची पद्धत) मोड्यूल काही न सांगता वापरलं, तर इंग्रजीबाहेरचं प्रत्येक अक्षर ते बॅकस्लॅश-यू आणि चार अंक अशा रूपात लिहितं. मग संदेशात एकही मराठी बाइट उरत नाही आणि वाटेतला दोष झाकला जातो. नोडचं ‘जेसन.स्ट्रिंगिफाय’ अक्षरं जशीच्या तशी ठेवतं. त्यामुळे ‘पायथॉनमध्ये चालतंय, म्हणजे रिले बरोबर’ हा युक्तिवाद इथे लंगडा आहे.

लॉग उघडा आणि बाइट मोजा

प्रत्येक ॲडॅप्टरची नोंदीची सोय निराळी. डिबगपायला लाँच फाइलमध्ये ‘लॉगटूफाइल’ खरं करा. डेल्व्हला ‘--लॉग --लॉग-आउटपुट=डॅप’ द्या. एलएलडीबी-डॅपसाठी ‘एलएलडीबीडॅप_लॉग’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये फाइलचं नाव ठेवा. जेएस-डिबगला ‘ट्रेस’ चालू करा. पण खरी नोंद हवी ती रिलेच्या दोन्ही तोंडांची: आत आलेले बाइट एका फाइलमध्ये, बाहेर गेलेले दुसऱ्या फाइलमध्ये, डीकोड न करता (अक्षरांत न बदलता), कच्चेच. मजकूर म्हणून नोंद केली तर जो दोष पकडायचा तोच नोंदीतही शिरतो.

डॅपच्या संदेशाची रचना साधी आहे: ‘कंटेंट-लेंग्थ’, कोलन, आकडा, दोन ओळतोड (हे हेडर), आणि मग जेसन. तो आकडा बाइटांचा असतो, अक्षरांचा नव्हे. सगळी गोम इथे आहे. यूटीएफ-८ या, अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, वेलांटी, हलंत हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. गुजराती लिपीचंही तसंच.

एक छोटा संदेश हातात घेऊ. ‘रिझल्ट’ ही इंग्रजी किल्ली आणि तिच्यापुढे ‘रावपुरा’ ही किंमत, मोकळी जागा न सोडता. कंस, अवतरणं, कोलन आणि किल्ली मिळून १३ इंग्रजी चिन्हं. ‘रावपुरा’मध्ये ७ चिन्हं. एकूण चिन्हं २०, पण बाइट १३ अधिक २१, म्हणजे ३४. पाठवणाऱ्याने स्ट्रिंगची लांबी मोजून २० लिहिलं, तर घेणारा प्रामाणिकपणे २० बाइट उचलतो: सुरुवातीची ११ इंग्रजी चिन्हं आणि उरलेल्या ९ बाइटांत मावणारं ‘राव’. जेसन अर्धवट, चूक ‘स्ट्रिंग संपली नाही’ अशी. मागे राहिलेले १४ बाइट, म्हणजे ‘पुरा’ आणि शेवटचं अवतरण व कंस, पुढच्या हेडरला चिकटतात आणि त्यानंतरचा कोणताच संदेश ओळखता येत नाही.

उलट चूक घेणाऱ्याची असेल तर लक्षण पूर्ण वेगळं. हेडरमध्ये ३४ बरोबर आहे, पण घेणारा ३४ अक्षरं यायची वाट पाहतो. आली आहेत फक्त २०. तो शांतपणे थांबतो, चूक दाखवत नाही. पुढचा संदेश आला की त्यातली १४ अक्षरं गिळतो, आणि ‘कंटेंट-लेंग्थ’ हा इंग्रजी शब्द नेमका १४ चिन्हांचा आहे. मग जेसन संपल्यावर जादा मजकूर सापडल्याची तक्रार येते आणि उरलेला प्रवाह कोलनपासून सुरू होतो. थोडक्यात, लगेच तुटलं तर पाठवणारा तपासा; आधी नुसतं गोठलं आणि पुढची कळ दाबल्यावर तुटलं तर घेणारा.

मोजणीसाठी कच्च्या नोंदीतून एका संदेशाचा जेसन भाग वेगळ्या फाइलमध्ये काढा. ‘डब्ल्यूसी -सी’ बाइट देतं, ‘डब्ल्यूसी -एम’ चिन्हं. हेडरचा आकडा दुसऱ्याशी जुळला की चोर सापडला. मात्र ‘-एम’ची मोजणी लोकेलवर (मशीनच्या भाषा-अक्षरांच्या मांडणीवर) अवलंबून असते. कंटेनरमध्ये लोकेल सहसा पॉझिक्स असतं, तिथे दोन्ही आकडे सारखेच येतात आणि माणूस ‘फरक नाही’ म्हणून पुढे जातो. म्हणून मोजणी लॅपटॉपवर करा किंवा ‘एलसी_ऑल’ला ‘सी.यूटीएफ-८’ द्या.

पाठवण्याची दुरुस्ती

नियम एकच: आधी एन्कोड करा, मग मोजा, आणि जे मोजलं तेच बाइट लिहा. नोडमध्ये ‘बॉडी.लेंग्थ’च्या जागी ‘बफर.बाइटलेंग्थ’, यूटीएफ-८ स्पष्ट सांगून. त्याहून बरं म्हणजे ‘बफर.फ्रॉम’ने एकदाच बफर (बाइटांचा साठा) बनवा आणि त्याचीच लांबी हेडरला द्या. मग मोजलेलं एक आणि लिहिलेलं दुसरं असं होत नाही. जावामध्ये ‘गेटबाइट्स’ला कॅरेक्टर सेट दिल्याशिवाय सोडू नका. जेडीके १८ पासून मूळ किंमत यूटीएफ-८ झाली, त्याआधी ती मशीनच्या मांडणीवर ठरायची. पायथॉनमध्ये ‘एन्कोड’ केलेल्या बाइट्सचा ‘लेन’ घ्या. गो आणि रस्टमध्ये स्ट्रिंगची लांबी मुळातच बाइटांत मिळते, त्यामुळे त्या भाषांत लिहिलेल्या रिलेत हा दोष क्वचितच दिसेल.

हेडर आणि बॉडी (जेसनचा भाग) एकाच लेखनात पाठवा. दोन धागे (प्रोग्रामचे समांतर चालणारे भाग) एकाच सॉकेटवर (जोडणीवर) लिहीत असतील तर एकाचं हेडर आणि दुसऱ्याची बॉडी अशी जोडी लागते, आणि तो दोष भाषेशीही जुळत नाही, अक्षराशीही नाही.

विंडोजवर सी किंवा सी++मध्ये लिहिलेला ॲडॅप्टर असेल तर स्टँडर्ड आउटपुट बायनरी मोडमध्ये टाका. नाहीतर प्रत्येक न्यूलाइनआधी एक जादा कॅरेज रिटर्न घुसतो.

घेण्याची दुरुस्ती

इथे जास्त लोक अडखळतात, कारण चुकीचा कोडही बहुतेक दिवस चालतो.

१. आलेले तुकडे बाइट बफरमध्येच जोडत जा. या टप्प्यावर स्ट्रिंग बनवायची नाही.
२. बफरमध्ये १३, १०, १३, १० ही चार बाइटांची माळ शोधा. नसेल तर थांबा.
३. तिच्याआधीचा भाग हेडर. तो आस्की म्हणून वाचा आणि आकडा काढा.
४. माळेनंतर तेवढे बाइट जमले नसतील तर थांबा. बफर जसाच्या तसा राहू द्या.
५. जमले असतील तर नेमके तेवढे कापून घ्या, आता यूटीएफ-८ म्हणून डीकोड करा, जेसन वाचा.
६. बफरमध्ये अजून काही उरलं असेल तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

सहावी पायरी विसरली की दोन संदेश एकत्र आल्यावर दुसरा तसाच पडून राहतो आणि ‘कधीकधी एक क्लिक उशिरा चालतं’ अशी विचित्र तक्रार येते.

नोडमध्ये प्रत्येक तुकड्यावर ‘टूस्ट्रिंग’ करणं हा नेहमीचा गुन्हा. तीन बाइटांचं अक्षर दोन तुकड्यांत फुटलं की दोन्हीकडे चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं आणि मोजणीही सरकते. ‘सेटएन्कोडिंग’ लावल्यास अक्षर फुटत नाही, पण पुढची सगळी मोजणी अक्षरांत होते, म्हणजे मूळ दोष कायम. लहान संदेशांत हे दिसत नाही. लिनक्सवर पाइपची मूळ क्षमता ६५,५३६ बाइट असते. शेकडो बिलांची यादी व्हेरिएबल्समध्ये उघडली की ती ओलांडते आणि अक्षर मधोमध तुटण्याची वेळ येते. म्हणून ‘लहान यादीत चालतं, मोठीत नाही’ असं कोणी म्हटलं तर मेमरी तपासण्याआधी हा कोड उघडा.

आणि डिबग होणाऱ्या प्रोग्रामचं छापील आउटपुट प्रोटोकॉलच्याच पाइपमध्ये जात नाही ना, तेही पाहा. त्याची जागा डॅपच्या ‘आउटपुट’ इव्हेंटमध्ये.

संदेश पोचतात, पण ब्रेकपॉइंट अजून करडा

वरची दुरुस्ती झाली की गोठणं थांबतं. तरी ब्रेकपॉइंटच्या उत्तरात ‘व्हेरिफाइड’ खोटं येत असेल, तर फोल्डरच्या नावातला ‘ऱ’ तपासा. ‘वडोदऱ्याची’ हे तीन प्रकारे टाइप झालेलं असू शकतं आणि पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात.

पहिला प्रकार: ‘ऱ’ हे एकच चिन्ह, यू+०९३१, बाइट ई० ए४ बी१, पुढे हलंत. शब्दाची १० चिन्हं, ३० बाइट. दुसरा: साधा ‘र’, खाली नुक्ता, मग हलंत. ११ चिन्हं, ३३ बाइट. तिसरा: साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, बाइट ई२ ८० ८डी. हीसुद्धा ११ चिन्हं आणि ३३ बाइट. फोल्डरचं नाव ‘हेक्सडम्प -सी’मधून काढलं की कोणता प्रकार आहे ते उघड दिसतं.

लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमला, खास सोय चालू केली नसेल तर, नाव म्हणजे नुसते बाइट; तिथे हे तिन्ही फोल्डर शेजारी-शेजारी नांदू शकतात. मॅकच्या एपीएफएसवर पहिले दोन एकच समजले जातात. म्हणून मॅकवर बनलेला प्रकल्प लिनक्स कंटेनरमध्ये आला की एडिटर एक रूप पाठवतो, बायनरीत दुसरं असतं, आणि डिबगर म्हणतो अशी फाइलच नाही.

दुरुस्ती अशी: पाथची तुलना करताना दोन्ही बाजू एनएफसी रूपात (युनिकोडने ठरवलेल्या एकसारख्या, जोडलेल्या रूपात) आणा. पण ही फक्त तुलनेची किल्ली. फाइल उघडायला मूळ बाइटच वापरा, नाहीतर लिनक्सवर असलेली फाइल सापडेनाशी होते. एनएफसीने पहिला आणि दुसरा प्रकार एक होतात. तिसरा होत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ते वेगळंच लेखन आहे. त्यासाठी कोडमध्ये जॉइनर उडवण्याची चलाखी करू नका. उद्या खरोखर दोन वेगळे फोल्डर असतील तर ते एक मानले जातील. फोल्डरचं नाव बदला आणि पुन्हा बिल्ड करा. एकाच मशीनवर असाल तर नावाऐवजी डिव्हाइस आणि आयनोड (फाइलची अंतर्गत ओळख) क्रमांकाची तुलना सर्वांत भरवशाची, आणि तिच्यात सिमलिंकचाही (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नावाचाही) प्रश्न सुटतो.

बायनरीत नेमका कोणता पाथ आहे ते ‘रीडएल्फ --डिबग-डम्प=इन्फो’च्या ‘कॉम्प_डिर’ नोंदीत सापडतं. कंटेनर आणि लॅपटॉपचे पाथ मुळातच वेगळे असतील तर प्रत्येक डिबगरचं बदलीचं बटण निराळं: जीडीबीत ‘सबस्टिट्यूट-पाथ’, एलएलडीबीत ‘टार्गेट.सोर्स-मॅप’, डेल्व्हच्या लाँच फाइलमध्ये ‘सबस्टिट्यूटपाथ’, डिबगपायला ‘पाथमॅपिंग्ज’, नोडला ‘लोकलरूट’ आणि ‘रिमोटरूट’. रिले आपलाच असेल तर हे पाच ठिकाणी लिहिण्यापेक्षा कंटेनरमध्ये फोल्डर लॅपटॉपवरच्याच पूर्ण पाथवर माउंट करा. प्रश्नच उरत नाही.

ओळीच्या मध्ये ब्रेकपॉइंट लावताना तो सरकतो, हीही याच घराण्यातली तक्रार. डॅपमध्ये कॉलम (ओळीतली जागा) यूटीएफ-१६ एककांत मोजतात, कंपायलर बाइटांत. ओळीत आधी ‘सयाजी’ असेल तर ५ चिन्हं विरुद्ध १५ बाइट, म्हणजे पुढचं सगळं १० जागा सरकतं. ॲडॅप्टरने सोर्सची ती ओळ वाचून रूपांतर केलं पाहिजे. रिलेने कॉलमला हात लावू नये.

चाचण्या आणि दोष शिरल्याची जागा

फ्रेमच्या (हेडर व बॉडी वेगळं काढणाऱ्या) कोडची चाचणी डिबगरशिवाय होते, म्हणून ती झटपट आणि रोज चालणारी ठेवा. बाइट द्या, संदेश मोजा. किमान एवढ्या घाला: नुसतं इंग्रजी, ‘रावपुरा’, इमोजी (४ बाइट, २ यूटीएफ-१६ एककं, त्यामुळे वेगळी चूक उघडी पडते), एका तुकड्यात दोन संदेश, आणि सगळा प्रवाह एकेक बाइट करून. शेवटची चाचणी पास झाली की फुटलेल्या अक्षरांची काळजी मिटते. त्यावर भाषेमागे एकेक पूर्ण चाचणी, मराठी फोल्डरात, पुरे.

दोष कोणत्या कमिटने (कोडच्या नोंदलेल्या बदलाने) आणला ते हवं असेल तर ‘गिट बायसेक्ट रन’ या, कमिट निम्मे-निम्मे करून शोधणाऱ्या आज्ञेच्या पुढे ‘टाइमआउट २०’ आणि चाचणीची स्क्रिप्ट द्या. गोठलेल्या चाचणीला टाइमआउट १२४ हा कोड देतो आणि बायसेक्ट तो ‘वाईट’ धरतो. बिल्डच झालं नाही तर स्क्रिप्टने १२५ द्यावा, म्हणजे तो कमिट वगळला जातो. प्रत्येक फेरीनंतर उरलेले ॲडॅप्टर मारा. जुना डेल्व्ह पोर्ट धरून बसला तर चांगला कमिटही वाईट ठरतो.

नवीन रिले चढवल्यावर सर्व्हरवरचे जुने रिले आणि कंटेनरमधले ॲडॅप्टर दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करा. एडिटरची खिडकी बंद केल्याने ते मरतातच असं नाही. दोष आपल्या रिलेत नसून बाहेरच्या ॲडॅप्टरमध्ये निघाला, तर तक्रारीसोबत दोन ओळींचा प्रोग्राम, आवृत्त्या, आणि हेडरसकट कच्चे बाइट जोडा. खऱ्या प्रकल्पाचा लॉग जोडू नका: व्हेरिएबल्सच्या उत्तरात ग्राहकांची नावं आणि बिलांच्या रकमा जशाच्या तशा असतात.